बाईच्या कामाची वही

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला एमएला स्त्री अभ्यास घ्यायचाय. तिथे ८ मार्चचा कार्यक्रम सोडला तर वर्षभर नेमकं चालतं काय?

उत्तर : अहो, भरपूर चालतं! अमेरिकेत सॅन दिएगोला १९७० मध्ये असा अभ्यासक्रम सुरू झाला, मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं या विषयाचं संशोधन केंद्र १९७४ चं, म्हणजे विषय चांगला मुरलेला आहे. सेमिनार, फिल्म, चर्चा हे असतंच, पण मला सगळ्यात आवडतं ते वेळेच्या नोंदीचं काम, एखाद्या घरी जाऊन बाई उठल्यापासून अर्ध्या अर्ध्या तासाला काय करते ते वहीत लिहायचं, पाणी भरणं, डबे, सासऱ्यांची औषधं, आणि विचारलं तर ती म्हणणार मी काही नाही करत, घरीच असते! वही मात्र गच्च भरलेली. २०१९ च्या देशव्यापी सर्वेक्षणातही हेच दिसलं, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. मुलीला म्हणावं आधी विभागात जाऊन एखाद्या लेक्चरला बसून ये, आणि फील्डवर्क किती आहे ते नक्की विचार.