फोटोशॉप न वापरता एर्विन ब्लूमेनफेल्डसारखे फॅशन फोटो सोलापुरात काढता येतील का?

हो, नक्की येतील, कारण या फॅशन फोटोग्राफरचं बहुतेक काम कॅमेऱ्यापुढे आणि डार्करूममध्येच, म्हणजे फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतच व्हायचं. बर्लिनला 1897 मध्ये जन्मलेला हा माणूस आम्स्टरडॅममध्ये चामड्याच्या बॅगा विकायचा. 1936 मध्ये पॅरिस गाठलं, 1941 नंतर न्यूयॉर्कची फॅशन मासिकं गाजवली. 'व्होग'च्या जानेवारी 1950 च्या मुखपृष्ठावर त्याने फक्त एक डोळा, ओठ आणि तीळ ठेवला. काय धाडस! ओलं रेशीम, आरसे, रेघांची काच, एकाच फिल्मवर एकावर एक घेतलेले फोटो ही त्याची हत्यारं. मी इथे चादरी-टॉवेलच्या कॅटलॉगचे फोटो काढतो, म्हणून अनुभवाने सांगतो, सुरुवात काचेपासून करा. जुन्या खिडकीची रेघांची काच उभी धरा. मॉडेल काचेला चिकटून असेल तर चेहरा ओळखू येतो, वीतभर मागे सरकली की नाक-डोळे पट्ट्यापट्ट्यांत विखुरतात. मॉडेलपुढे ओल्या कापडाचा पडदा धरायचा तर सोलापुरी चादर नको, उजेडच अडतो. ओली मलमल घ्या. फक्त गिऱ्हाइकाला चादरीवरची जेकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली नक्षी स्पष्ट हवी असेल, तर काच चेहऱ्यापुरतीच ठेवा आणि कापड मोकळं सोडा, नाहीतर नक्षीतल्या मोराच्या जागी नुसती रेघोट्यांची गर्दी दिसते.