बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाच्या काठावर पक्षी बघायला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

पहिल्या खेपेला सगळा काठ फिरायचा हट्ट नको. दीड-दोन किलोमीटर पुष्कळ झाले. सूर्योदयाच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे अखेरीस सहालाच.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे उजेडाची दिशा. सकाळी पूर्वेच्या काठावर, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. नवखे नेमके उलट्या बाजूला थांबतात, मग पाणकावळा काय नि बगळा काय, सगळेच काळे दिसतात. एका जागी दहा मिनिटं गप्प बसा. आपण आल्यावर दबलेली पाखरं तेवढ्या वेळात पुन्हा हलू लागतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर जवळपास तिची अंडी असू शकतात. आल्या वाटेने मागे फिरा.

दुर्बीण ८×४२ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलीमीटरची. १०×ची हातात थरथरते.

नेहमीच्या चुका:
- पाणी ओसरलेल्या काठावर उतरणं. वर भेगाळलेली माती, आत गुडघाभर चिखल.
- पावसाळ्यात चपला घालून येणं. जळवा असतात, बूट घाला, पँट मोज्यांत खोचा.
- मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं. विणीच्या दिवसांत हा निव्वळ छळ आहे, कृपा करून टाळाच.

हे बेळगावच्या पिण्याचं पाणी आहे. साबण, प्लॅस्टिक नको, धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका. झाडीत गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या.

पक्ष्यांची नावं पाठ करायची घाई नको, सवडीने होईल.