वाचक विचारतात : गिरकीतून सुटणारं विमान

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, हवाई दलात जायचं म्हणतो. ‘किरण’ जेटमध्ये शिकाऊ आणि शिक्षक शेजारी-शेजारी बसतात, ‘हॉक’मध्ये पुढे-मागे. असं का? आणि किरणच्या जागी यायचं ‘सितारा’ इतकी वर्षं कशात अडलं?
– एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नवा गोऱ्हा वखराला जुंपताना जोडीला मुरलेला बैल देतात, तीच गोष्ट किरणची. शिकाऊचा हात थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या मुठीवर) कुठं थबकला, नजर समोरच्या कोणत्या मापकावर अडकली, हे शिक्षकाला मान वळवली की दिसतं. हॉकवर शिकणाऱ्याला पुढं लढाऊ विमानात एकट्यानं बसायचं असतं, म्हणून पुढची जागा त्याची. शिक्षकाची मागची सीट उंच असते, त्याला शिकाऊच्या डोक्यावरून समोरचं दिसावं म्हणून.

किरणची रचना डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला झाली. पहिलं उड्डाण 4 सप्टेंबर 1964. या मराठी माणसाचं नाव आपल्या पोरांना माहीत असायलाच हवं.

सितारा 7 मार्च 2003 ला उडालं. मध्ये इंजिनही बदललं, फ्रेंच लारझॅकऐवजी रशियन एएल-55आय आलं. पण खरं घोडं अडलं ते स्पिनमध्ये, म्हणजे गिरकीत. वेग कमी आणि नाक जास्त वर झालं की पंखावरची हवा सुटते. एका पंखाची जास्त सुटली की तो खाली पडतो आणि विमान गरगरत खाली येतं. घाबरलेला शिकाऊ विमान वळवायचा दांडा पोटाशी ओढतो आणि गिरकीच्या उलट्या बाजूला झुकवतो. दोन्ही घातक! ओढल्यानं हवा पुन्हा पंखाला धरत नाही, झुकवल्यानं खालचा पंख आणखी बिघडतो. सर्वसाधारण रीत अशी: थ्रॉटल मागे, दांडा डावी-उजवीकडे न झुकवता मधोमध, गिरकीच्या उलट बाजूचं रडरचं (उभ्या शेपटावरच्या हलत्या पाळीचं) पेडल पायानं पूर्ण दाबायचं, मग दांडा पुढे. गिरकी थांबताच पेडल सरळ, आणि खाली मारलेल्या सुरातून अलगद वर.

हे सगळं बरोबर केलं तरी रडरला स्वच्छ हवा मिळाली नाही तर ते काम करत नाही. म्हणून सिताराचं उभं शेपूट मागे सरकवलं, रडर वाढवलं, आणि चाचणीत विमान सुटलंच नाही तर उघडायला वेगळं पॅराशूट बसवलं. जानेवारी 2022 पर्यंत डावीकडे-उजवीकडे सहा-सहा गिरक्या घेऊन ते बाहेर आलं. 2025 पासून त्याचं नाव ‘यशस’. चुका करायलाच जे विमान हाती देतात, ते चुकीतून सुटलंच पाहिजे, त्यामुळे हा उशीर आम्हाला रास्त वाटतो.

मुलाबद्दल : एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) वैमानिक व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. वैद्यकीय तपासणीत पाय आणि मांडीची लांबीही मोजतात. पाय आखूड असेल तर पेडल पूर्ण दाबलं जात नाही. मांडी फार लांब असेल तर सीटसह बाहेर फेकलं जाताना गुडघा समोरच्या पॅनेलवर आदळतो. अर्ज भरायच्या आधी घरीच टेप लावून दोन्ही मोजा आणि जाहिरातीतल्या मापांशी ताडून पाहा.