कोलायडरमधे (कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र) टकरीतून पायॉन (प्रोटॉनपेक्षा हलका कण) किती निघाले अन् प्रोटॉन किती, हे कसं मोजतात?

वजनावरून भाऊ, अन् वजन निघते संवेग अन् वेळेवरून. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या अ‍ॅलिस डिटेक्टरमधे (कण टिपणारं यंत्र) 0.5 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असते, त्यात कणाचा रस्ता किती वाकला त्यावरून संवेग समजते, मग शंकरपटात जोडीचे सेकंद घेतात ना तसंच, टकरीच्या मधल्या जागेवरून निघून 3.7 मीटरवरच्या वेळ टिपणाऱ्या पट्टीवर पोचाले किती वेळ लागला ते पाहतात. दोघांचाही संवेग सारखाच 1 जीईव्ही (कणांच्या मापाचं एकक) असला तं हलकं पायॉन साडेबारा नॅनोसेकंदात पोचते, जड प्रोटॉनले सतराच्या आसपास लागतात, म्हणजे फरक चांगला दिसते. बारावीले फिजिक्स शिकवतो, आकडे सूत्रानं काढले, करून पाहा. फक्त संवेग लई वाढला की सारेच प्रकाशाच्या वेगाले टेकतात, तिथं ही घडी काही कामाची नाई.