कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या केबलना घरी स्लीव्ह (वायरवरचं कापडी आवरण) चढवायचे का, का रेडीमेड घ्यायचे?

पहिलाच पीसी बिल्ड आहे म्हणतोस आणि केबल मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) आहेत, तर घरी नक्की कर, पण एकदम ओरिजिनल केबलवर हात टाकू नको, आधी मदरबोर्डला लागणारी २४ पिनची एक्स्टेन्शन केबल घे आणि तिच्यावर शिक. सामान जास्त लागत नाही, ५५० पॅराकॉर्ड (नायलॉनची दोरी, आतले दोरे ओढून टाकायचे), हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी), लायटर आणि पिन काढायचं टूल, हीटश्रिंक आणि मल्टीमीटर पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळून जाईल.

खरी मेहनत पिन काढण्यात आहे. प्रत्येक पिनला दोन बाजूंना बारीक पाकळ्या असतात, वायर आधी थोडी आत ढकलायची, मग टूलने दोन्ही पाकळ्या दाबायच्या आणि हळूच ओढायचं, जोर लावलास की क्रिंप (वायरवर दाबून बसवलेला पिनचा जोड) सुटतो. परत बसवताना पाकळ्या ब्लेडच्या टोकाने जराशा बाहेर काढ, नाहीतर पिन कनेक्टर लावताना मागे सरकते. एका वेळी एकच वायर, आणि सुरू करायच्या आधी दोन्ही टोकांचे फोटो काढून ठेव.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, दुसऱ्या पॉवर सप्लायची मॉड्युलर केबल कधीच लावू नको, सप्लायच्या बाजूचा पिनआउट (कुठल्या पिनवर कुठली वायर) प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येपण बदलतो, ड्राइव्ह जळतात रे. आणि सप्लायचा डबा उघडायचा नाहीच, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मदरबोर्डला लावायच्या आधी मल्टीमीटरने प्रत्येक वायरची कंटिन्युइटी (एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जोड आहे ना) चेक कर, २४ पैकी २० नंबरची पिन रिकामी दिसली तर घाबरू नको, ती तशीच असते.