बंदोबस्त संपला, रक्तदाब उतरला नाही

प्रश्न : माझे यजमान मुंबईत पोलीस हवालदार आहेत, वय ४६. गणपतीच्या बंदोबस्तानंतर तपासले तेव्हा रक्तदाब १६०/१०० निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण ड्युटीच्या दिवशी ते त्या घेत नाहीत. झोप लागत नाही, घरात क्षुल्लक कारणावरून चिडतात. हा स्वभाव समजायचा की आजार? (एक भगिनी, मुंबई)

उत्तर : ताई, स्वभावाला दोष देण्याआधी त्यांच्या ड्युटीकडे पाहा. ताणाच्या प्रसंगी रक्तात वाढणारी ॲड्रिनलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके प्रसंग टळल्यावर ओसरावी लागतात. पण आज रात्रपाळी, उद्या दिवसपाळी आणि परवा ऐनवेळी रद्द झालेली साप्ताहिक सुट्टी, असे वर्षानुवर्षे चालले की शरीराला उसंतच मिळत नाही. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितले. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, ती एका पोलीस शिपायानेच सुचवलेल्या आराखड्यावरून. ती सवलत नव्हे, उपचारच आहे, असे मी मानतो.

गोळी का चुकते, हे त्यांना न रागावता विचारा. माझ्याकडे येणारे पोलीस बहुधा खालच्या आवाजात एकच कारण सांगतात : गोळीने वारंवार लघवीला होते आणि पॉइंट सोडून जायचे कुठे? म्हणून ते पाणीही कमी पितात. गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना ही अडचण सांगितली, तर औषध किंवा त्याची वेळ बदलता येते.

ते मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास अडकून दचकून उठत असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण झोपेतील श्वासरोधानेही रक्तदाब चढतो. चिडचिड आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ‘खात्यात कळेल’ या भीतीने ते कचरत असतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर आधी घरूनच, मराठीतून बोलता येईल. मात्र छातीत दुखले, किंवा तोंड वाकडे होऊन बोलणे अडखळले, तर ड्युटी संपण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, हे त्यांच्या सहकाऱ्यांनाही सांगून ठेवा.