पडद्यावरचा भाव आणि खात्यात पडणारी रक्कम

प्रश्न : माझी २०१५ ची पेट्रोल वॅगन आर विकायची आहे. एका ऑनलाइन कंपनीने ॲपवर २,९०,००० दाखवले, घरी येऊन गाडी तपासल्यावर २,४८,००० वर आले. त्यातून सेवाशुल्क ४,००० अधिक जीएसटी, आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) बदलायचे ३,५००, आणि नाव बदलेपर्यंत १०,००० राखून ठेवणार. दुसऱ्या ॲपवर मी स्वतः जाहिरात टाकली, तर पुण्याचे एक गृहस्थ २,७५,००० द्यायला तयार आहेत. शेजारी म्हणतात, विक्रीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागेल. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, आधी जीएसटीची धास्ती सोडा. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेतला १८ टक्क्यांचा निर्णय नोंदणीकृत व्यापाऱ्यांसाठी आहे, आणि तोही त्यांच्या नफ्यावर. घरची गाडी विकणाऱ्याला तो लागत नाही.

आता हिशेब. २,९०,००० विसरा, तो आकडा तुम्हाला फोन उचलायला लावण्यासाठी असतो. २,४८,००० मधून जीएसटीसह ४,७२० आणि ३,५०० गेले की उरतात २,३९,७८०, आणि त्यातलेही दहा हजार अडकलेले. पुण्याचा भाव याहून ३५,२२० ने जास्त. ही रक्कम सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण एका अटीवर : कागद तुम्ही स्वतः पुरे करायचे.

विम्याच्या दाव्यांचं काम मी बरीच वर्षं केलं. गाडी कधीच विकलेली, पण आरसीवर नाव तसंच राहिलेलं, आणि अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारात, हे मी पाहिलंय. एका निवृत्त शिक्षकांच्या हातात ती नोटीस थरथरत होती. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याचं नाव नोंदणीत, तोच कायद्याने मालक, मग गाडी मधे कितीही हात फिरलेली असो. विमा संपलेला असेल तर भरपाईचा बोजा थेट त्याच्यावर येतो.

म्हणून गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर टोकन (थोडी आगाऊ रक्कम) घेऊन आधी दरजीपुऱ्याच्या आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, काढा. कर्ज होतं का? मग बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरची कर्जाची नोंद उतरवा. दंडाची चलनं बाकी असतील तर काम तिथेच अडतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, पण कोऱ्या फॉर्मवर स्वतःची सही देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलो. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या, आणि तारीख-वेळ लिहिलेली पावती घ्या. राज्याबाहेरच्या विक्रीची सूचना आरटीओला ४५ दिवसांत द्यायची असते. राज्यातल्या राज्यात असेल तर १४. पैसे पाठवायचे म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर तिथेच बोलणं थांबवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

धावपळ झेपणार नसेल तर कंपनीला विका, त्यात कमीपणा नाही. मात्र आरटीओने दिलेलं अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरकडे गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने परिवहन खात्याच्या पोर्टलवर जाते आणि जबाबदारी त्याच्याकडे सरकते. प्रमाणपत्र नसेल तर दहा हजार कधी परत देणार ते तारखेसह लिहून घ्या.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि विमा कंपनीचं पत्र घेतलंत तर तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतो. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करून अनामत परत मागा, नाहीतर पुण्यापर्यंतचा टोल तुमच्याच खात्यातून कापला जाईल.